'प्रायोगिक' म्हणजे नेमकं काय? हँडबिलावर कोणता शब्द छापावा?

माजलगावकर

नमस्कार मंडळी. आमचा तालुक्याच्या गावातला नाटकाचा लहानसा गट आहे. दोन-तीन शिक्षक, एक मेडिकलवाले, कॉलेजची पोरं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या काही मुली. यंदा ऊसतोडीवरच नाटक बसवलंय. स्टेज नाही. पाचटाची मोठी कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, उभारतो, प्रेक्षक आत नटांच्या मधेच बसतात. संवाद अगदी थोडे. बाकी मोळ्या आवळल्याचा आवाज, मुकादमाची हाक आणि उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशोब. हा हिशोबाचा कागद प्रेक्षकांतल्याच कुणाच्या तरी हातात द्यायचा आणि त्यानं तो मोठ्यानं वाचायचा. कोण वाचेल, कसा वाचेल, मधेच थांबेल का, हे आम्हाला ठाऊक नसतं. नाटक तिथून पुढं कुठं वळणार हे त्या वाचण्यावर ठरतं.

घोडं अडलंय ते हँडबिलावर. मी मसुद्यात 'प्रायोगिक नाटक' असं लिहिलं. छापखान्याच्या मालकांनी विचारलं, "म्हणजे आत्ता तालीम दाखवणार आणि खरं नाटक नंतर का?" पंचायत समितीतला मित्र म्हणाला, "प्रायोगिक तत्त्वावर आहे का? मग मुदत किती?" आणि आमच्याच गटातली एक मुलगी म्हणाली, "सर, नाटकाचा तर प्रयोगच असतो. मग आपलंच तेवढं प्रायोगिक कसं?"

तिचा प्रश्न खरा आहे. शिवाय मागं एका स्पर्धेत आमच्या एकांकिकेवर परीक्षकांनी 'प्रायोगिक वाटते' एवढाच शेरा दिला होता. ते कौतुक होतं की नापसंती, हे गटात आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. इंग्रजीतल्या 'एक्सपरिमेंटल' आणि फ्रेंचमधून आलेल्या 'अवाँ-गार्द' या दोन्ही शब्दांना आपण सरसकट 'प्रायोगिक' म्हणतो. ते बरोबर आहे का? जाणकारांनी लिहावं, सविस्तर लिहिलं तरी चालेल.

तिसरी घंटा

माजलगावकर, आधी नाटकाला शुभेच्छा. तो हिशोब प्रेक्षकाकडून वाचून घेणं फार मोलाचं आहे, त्यावर नंतर लिहितो.

तुमच्या गटातल्या मुलीच्या प्रश्नापासून सुरू करू. 'प्रयोग' हा आपल्याकडं मुळात रंगभूमीचाच शब्द आहे, प्रयोगशाळेत तो नंतर गेला. कालिदासाच्या शाकुंतलात सूत्रधार नटीला म्हणतो, "आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्." जाणकारांचं समाधान होईपर्यंत आमचं प्रयोगाचं ज्ञान मी चांगलं मानत नाही, असा त्याचा भाव. मालविकाग्निमित्रात तर परिव्राजिका सरळच सांगते की नाट्यशास्त्र प्रयोगप्रधान आहे. या दोन्ही ठिकाणी प्रयोग म्हणजे करून दाखवणं. पुढं विज्ञान मराठीतून शिकवायची वेळ आली तेव्हा 'एक्सपरिमेंट'साठी हाच शब्द घेतला गेला. आणि 'प्रायोगिक रंगभूमी' म्हणताना आपण नाटकाचाच शब्द प्रयोगशाळेच्या अर्थानं परत नाटकात आणला. 'प्रायोगिक नाटकाचा पहिला प्रयोग' हे वाक्य त्यामुळंच कानाला विचित्र लागतं. त्यातल्या दोन प्रयोगांचा अर्थ एक नाही.

मराठीत हा शब्द रुजला तो १९६० नंतर. विजया मेहता आणि त्यांच्या सोबत्यांची 'रंगायन', मग १९७१ ची 'आविष्कार', आणि दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये झालेली नाटकं. लहान जागा, जवळ बसलेले प्रेक्षक, गल्ल्याची फिकीर नाही. तिथं खरोखरच नवं काही शोधलं जात होतं, म्हणून 'प्रायोगिक' या शब्दाला वजन आलं. माझं मत विचाराल तर हा शब्द सोडू नका. त्याच्यामागं माणसांचे कष्ट आहेत.

बालाघाट

लई चांगला धागा काढलाव. पण मला एक सांगा, आमच्याकडं हँडबिल वाचणारा माणूस 'प्रायोगिक' शब्द वाचून येतो का माघारी फिरतो? मी स्वतः हौशी नाटकं बघत आलो, स्पर्धेच्या वेळी जिल्ह्याला जाऊन बघायचो. 'प्रायोगिक' म्हणलं की लोकं म्हणायलेत, कळायचं नाही, कामून जायचं? शब्दाचा इतिहास मोठा असंल, पण दारात माणूस अडत असंल तर काय उपयोग?

गोदाकाठची

बालाघाट दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण लोकांना 'प्रयोग' अवघड वाटतो असं मला वाटत नाही. मी मराठी शिकवत होते. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग शिकवताना पोरांना कंटाळा यायचा खरा, पण 'प्रयोगशील शेतकरी' म्हटलं की वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करायचा. आपल्या भागातल्या पेपरात हा शब्द नेहमी असतो. कोरडवाहू रानात कुणी वेगळं पीक घेतलं, कुणी मोसंबीच्या बागेत आंतरपिकाची काही नवी पद्धत लावून पाहिली, की तो प्रयोगशील शेतकरी. गावात त्या माणसाकडं आदरानं पाहतात. पीक हातचं गेलं तरी 'त्यानं करून तर बघितलं' असंच म्हणतात.

आता 'प्रायोगिक' आणि 'प्रयोगशील' शेजारी ठेवून पाहा. प्रयोगशील हा माणसाचा स्वभाव झाला. प्रायोगिक हे वस्तूला लावलेलं लेबल झालं, आणि त्या लेबलावर सरकारी 'प्रायोगिक तत्त्वावर'ची सावली पडलेली आहे. प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली बस, प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेलं हजेरीचं यंत्र. म्हणजे जे कधीही बंद पडू शकतं ते. छापखान्याच्या मालकांनी हाच अर्थ घेतला. ते चुकले नाहीत, रोजच्या मराठीत आज तोच अर्थ चालतो.

आणि तिसरी घंटा, १९६० पासून सुरुवात धरू नका हो. आमच्या पैठणला एकनाथांनी सोळाव्या शतकात काय केलं? ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा हा पंडित माणूस जोशी, वासुदेव, गोंधळी यांची सोंगं घेऊन बोलायला लागला. विंचू चावलेल्या बाईचा टाहो अध्यात्म सांगण्यासाठी वापरला. हिंदू आणि तुर्क यांचा समोरासमोर संवाद लिहिला. संस्कृत जाणणाऱ्यानं बाजारातल्या आवाजात कविता करायची, हे त्या काळात केवढं धाडस असेल! भारुडाला कुणी प्रायोगिक म्हणत नाही, कारण ते आता चारशे वर्षं जुनं आहे आणि सगळ्यांना आवडतं.

नागसेनवन

गोदाकाठची ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला धरून पुढं जातो, कारण मला वाटतं मुद्दा तिथंच आहे. कुणाला प्रायोगिक म्हणायचं हे कामावर ठरतच नाही. ते काम कुठं झालं, कुणी केलं आणि कुणी पाहिलं, यावर ठरतं.

मिलिंद महाविद्यालयाचे म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिलं. अस्पृश्यतेची कहाणी एकाच नाटकात युगामागून युग अशी मांडायची, ही रचना त्या वेळच्या मराठी नाटकात कुठं होती? १९५५ साली ते खुद्द बाबासाहेबांसमोर झालं, म्हणजे 'रंगायन'च्याही आधी. त्याच्याही मागं जा. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा गण-गवळण-वग हा सांगाडा घेतला आणि त्यातली देवाची आळवणी आणि शृंगार काढून तिथं समाजाचे प्रश्न घातले. लोकांना पाठ असलेला आकार ठेवायचा आणि आतला गाभा पालटायचा, याला प्रयोग नाही तर काय म्हणणार? पण पुस्तकांत हे सगळं 'प्रबोधन', 'चळवळीची कला' या खणांत जातं. 'प्रायोगिक रंगभूमी' या प्रकरणात सहसा येत नाही.

नांदेडच्या दत्ता भगतांच्या नाटकांचंही तेच. 'दलित रंगभूमी' हे नाव लागलं की रचनेबद्दल, रूपाबद्दल कुणी बोलतच नाही, फक्त आशयाबद्दल बोलतात. मला 'प्रायोगिक' या शब्दाचा राग नाही. तो वाटताना जो हात आखडला गेला, त्याचा आहे.

तिसरी घंटा

नागसेनवन, हे मान्य. पूर्ण मान्य. माझा आग्रह फक्त एवढाच होता की शब्द टाकून देऊ नये. त्याची हद्द वाढवा, हे तुम्ही म्हणताय ते मला जास्त पटतं.

रेख्ता

आदाब. मी औरंगाबादचा (नाव बदललं तरी तोंडात हेच बसलंय), घरी दखनी, शाळा उर्दू, नंतरचं सगळं मराठीत. उर्दूत या दोन्ही गोष्टींना वेगळे शब्द आहेत म्हणून लिहितोय.

'एक्सपरिमेंटल'ला आम्ही 'तजरबाती' म्हणतो. तजरबा म्हणजे प्रयोग, आणि तजरबा म्हणजे अनुभवसुद्धा. तजरबाकार माणूस म्हणजे मुरलेला, अनुभवी. त्यामुळं उर्दूत 'तजरबाती' म्हटलं की कच्चेपणाची शंका मराठीइतकी येत नाही. करून बघणं आणि सोसून शिकणं एकाच शब्दात आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनं, निजामाच्या राज्यात शाळा शिकलेल्यांनी, मराठी बोलतानाही 'तजुर्बा'च वापरला. आजही मराठवाड्यातले म्हातारे 'त्याला तजुर्बा हाय' म्हणतात.

'अवाँ-गार्द'साठी मात्र 'हरावल' आहे. फौजेच्या पुढं चालणारी तुकडी. 'हरावल दस्ता' असं म्हणतात.

आणि आमच्या गावचा हरावल म्हणजे शायर वली. औरंगाबादेत १६६७ च्या सुमारास जन्मला असं मानतात. दिल्लीत तेव्हा शायरी म्हणजे फारसी. वलीनं बोलीतल्या, दखनच्या जबानीत गझल लिहिली. त्याचा दीवान दिल्लीला पोचला आणि तिथल्या शायरांनी फारसी सोडून रेख्त्यात, म्हणजे तेव्हाच्या उर्दूत, लिहायला घेतलं. मध्यातल्या शहरानं कडेच्या शहराकडून शिकल्याची ही गोष्ट आहे. मुंबई-पुण्याहून नवेपण आपल्याकडं येतं असं धरून बोलणाऱ्यांना मी हीच सांगतो.

उदगीरकर

रेख्ता भाई, 'हरावल' वाचून राहवलं नाही. मराठीतही याला अस्सल शब्द आहे, आपण तो विसरलोय. बिनी.

मी मोडी कागद वाचतो, त्यात हा पदोपदी भेटतो. फौजेची बिनी म्हणजे सर्वांत पुढची तुकडी, आणि पिछाडीला चंदावल. बिनीवर असणारा तो बिनीवाला. पेशवाईतले सरदार विसाजी कृष्ण बिनीवाले आठवा, त्यांना हे आडनाव कामावरून मिळालं. उदगीरच्या आसपास १७६० साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, तेव्हा इथल्या रानात बिनी आणि चंदावल हे शब्द रोजच्या तोंडातले असतील. आजही आपण 'बिनीचे शिलेदार', 'बिनीचा कार्यकर्ता' म्हणतो, पण मूळ चित्र डोळ्यांपुढं येत नाही.

फ्रेंच 'अवाँ-गार्द' म्हणजे शब्दशः हेच, सैन्याची आघाडीची तुकडी. कलेला तो लावला गेला १८२५ साली, सँ-सिमों या फ्रेंच समाजविचारवंताच्या अनुयायांच्या एका लेखनात. त्यात कलावंत शास्त्रज्ञाला आणि कारखानदाराला म्हणतो की आम्ही तुमची बिनी होऊ, कारण लोकांपर्यंत विचार सगळ्यांत लवकर आम्ही नेतो. म्हणजे सुरुवातीला हा शब्द समाज बदलण्याबद्दलचा होता. चमत्कारिक दिसणाऱ्या चित्रांशी त्याचं नातं फार उशिरा जुळलं. तेव्हा नागसेनवन म्हणतात ते जलसे मूळ अर्थानं अगदी अवाँ-गार्द ठरतात.

बालाघाट

बिनी! माझा आजा म्हणायचा, 'बिनीला कोण हाय?' जत्रेत काठ्या निघायच्या तवा सगळ्यात म्होरं कोण, ते विचारायचा. मला वाटायचं बिनी म्हणजे काठीचंच कायतरी असंल. आज उलगडलं.

माजलगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या गटात काल वाचून दाखवलं. 'बिनी' शब्दावर सगळे खूश. मुलींचं म्हणणं, हँडबिलावर 'बिनीचं नाटक' छापा. ऐकायला छान वाटतं. पण मला संकोच वाटतोय. का, ते नीट सांगता येत नाहीये.

गोदाकाठची

छापू नका. संकोच योग्य आहे, कारण सांगते.

बिनी ठरते मागच्या सैन्यामुळं. मागं फौज येतच नसेल तर पुढं गेलेली तुकडी वाट चुकलेली म्हणायची. वली हरावल झाला तो दिल्लीचे शायर मागून आले म्हणून. त्यानं स्वतः ठरवून चालत नव्हतं. म्हणजे एखादं काम बिनीचं होतं की नाही हे नंतरच्यांनी सांगायचं असतं. त्या फ्रेंच मंडळींनी स्वतःला आधीच बिनी म्हणवून घेतलं, तो त्यांचा उत्साह. आपण घाई करू नये.

'प्रयोग' हे मात्र करणाऱ्यालाच आधी कळतं. मी हे करून बघतोय आणि काय होईल ते मला माहीत नाही, एवढं प्रामाणिकपणे म्हणता आलं की झालं. मागून कुणी येवो न येवो. त्यामुळं दोन्ही शब्दांना एकच प्रतिशब्द वापरणं मला चूकच वाटतं. एका कामात दोन्ही असू शकतं, पण एक आहे म्हणून दुसरं असतंच असं नाही.

तिसरी घंटा

ताई, अगदी हेच. आणि 'काय होईल ते माहीत नाही' याला आधारही आहे. जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं प्रायोगिक कृतीची व्याख्या जवळपास अशीच केली: जिचं फलित आधी ठाऊक नसतं ती कृती. १९५२ सालची त्याची रचना सर्वांना ऐकून माहीत असेल. वादक चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवत नाही, आणि त्या वेळात दालनात जे जे ऐकू येईल तेच संगीत. दर ठिकाणी वेगळं.

त्याच्या उलट टोकाला फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला. त्यानं १८८० मध्ये 'प्रायोगिक कादंबरी' या नावानं लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर क्लोद बर्नार यांचं वैद्यकशास्त्र होतं. माणसाला ठरावीक परिस्थितीत ठेवायचं आणि काय होतं ते शास्त्रज्ञाप्रमाणं टिपायचं. आपण आज ज्याला नेहमीची वास्तववादी कादंबरी म्हणू, तिला तो प्रायोगिक म्हणत होता. पण विचार केलात तर केज आणि झोला दोघांतही धागा एकच आहे. करून पाहायचं, आणि जे निघेल ते मान्य करायचं.

आता माझा खरा प्रश्न. फलित ठाऊक झालं की प्रायोगिकपण संपतं का? आमच्या औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले लक्ष्मण देशपांडे घ्या. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. एकच नट, बावन्न व्यक्तिरेखा, वेशांतर नाही, आणि बोली आपली मराठवाड्याची. तेव्हाच्या मराठी रंगभूमीवर ती बोली बहुतेक नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्याच तोंडी असायची. इथं सगळं नाटक तिच्यावर उभं. पहिल्यांदा ते उभं करताना या माणसाला काय माहीत होतं की हे टिकेल? पुढं प्रयोगावर प्रयोग झाले, परदेशातही झाले, आणि लोक त्याला 'धमाल एकपात्री' म्हणायला लागले. हसू आलं की प्रायोगिक हा शब्द गळून पडतो, हा आपल्या समीक्षेचा मोठा दोष आहे. मी तो प्रयोग समोर बसून पाहिलेला आहे. एका खांद्याच्या हालचालीनं एक बाई जायची आणि म्हातारा यायचा. ग्रोटोवस्कींनी पोलंडमध्ये आपल्या रंगभूमीला 'प्रयोगशाळा' नाव दिलं आणि सगळं काढून टाकून फक्त नट उरवला, ते आम्ही पुस्तकात वाचून पाठ केलं. इथं आपल्या विभागातल्या माणसानं तेच करून दाखवलं, तर त्याला गंमत म्हणून बाजूला ठेवलं. हे मला सलतं.

नागसेनवन

तिसरी घंटा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, संपतं. आणि संपायलाच पाहिजे. प्रायोगिक ही कायमची जात नव्हे, ती अवस्था आहे. पीक एकदा आलं, दुसऱ्या शेतकऱ्यांनी लावलं, की तो प्रयोग राहत नाही, ती शेती होते. त्यात कमीपणा कसला? उलट 'आम्ही प्रायोगिक' म्हणून आयुष्यभर तेच तेच करत राहणं, काळोख, एक स्पॉट, मधे एक खुर्ची, हे मला जास्त जुनाट वाटतं. फलित माहीत असलेलं काम प्रायोगिक या नावाखाली चालवणं म्हणजे शब्दाशी खोटेपणा.

तिसरी घंटा

त्या खुर्चीबद्दल काही बोलणार नाही, स्पर्धांत फार पाहिल्यात :)

पण अवस्था एकदाच येते असं नाही. माजलगावकरांच्या नाटकात हिशोब वाचणारा दर वेळी नवा. स्वतः उचल घेतलेल्या माणसाच्या हातात तो कागद गेला तर? मुकादमाच्याच हातात गेला तर? तिथं फलित कधीच ठाऊक होणार नाही. म्हणजे काही कामांची बांधणीच अशी असते की ती प्रायोगिक राहतात. तेव्हा जागा, पैसा, संस्था यांवरून न ठरवता एवढंच विचारावं: यात कुठली तरी गोष्ट खरोखर मोकळी सोडलेली आहे का? असेल तर प्रायोगिक. मग ते नाट्यगृहात होवो की पाचटाच्या कोपीत. 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी इथून मुंबईला गेली, 'चारचौघी' व्यावसायिक रंगभूमीवर केलं. लग्न न करता वाढवलेल्या तीन मुली आणि त्यांची आई हा विषय १९९१ साली तिकीट लावून मांडणं, लोक स्वीकारतील की नाही हे माहीत नसताना, यातही काही मोकळं सोडलेलं होतंच की.

उदगीरकर

'मोकळं सोडलेलं' पटलं. फक्त चारचौघीच्या बाबतीत ती जोखीम झाली. प्रत्येक नव्या विषयात जोखीम असते. प्रयोगात जोखीम आणि शोध दोन्ही लागतात, असं मला वाटतं. यावर वाद घालायला आवडेल, पण वेगळ्या धाग्यावर.

माजलगावकर

ठरलं. हँडबिलावर कुठलंच विशेषण नाही. नाटकाचं नाव, आणि खाली: 'ऊसतोडीचं नाटक. प्रेक्षक कोपीत बसतील. उचलीचा हिशोब तुमच्यापैकी कुणीतरी वाचेल. पुढं काय होईल ते तेव्हाच कळेल.' छापखान्याच्या मालकांना दाखवलं, ते म्हणाले, आता कळलं, मी घरच्यांना घेऊन येतो. अर्ज भरताना मात्र जिथं रकाना असेल तिथं 'प्रायोगिक' लिहीन, आणि का लिहिलं ते आता मला सांगता येईल.

रेख्ता

मुबारक हो. 'तुमच्यापैकी कुणीतरी' हे फार छान.

रंगरेषा

धागा उशिरा वाचला. नाटकवाल्यांनी सगळा शब्द घेऊन टाकला, चित्रकारांची बाजू राहिली, म्हणून लिहिते.

आमच्याकडं 'प्रायोगिक चित्र' असं फारसं कुणी म्हणत नाही. लोक सरसकट 'मॉडर्न आर्ट' म्हणतात, मग ते शंभर वर्षांपूर्वीचं असो की काल केलेलं. त्यातल्या त्यात मराठीनं 'इन्स्टॉलेशन'साठी एक शब्द सुरेख घडवला, 'मांडणशिल्प'. त्या शब्दात मांडणं आहे, म्हणजे रांगोळी आली, गौरीपुढची आरास आली, दुकानदाराची मांडामांड आली. समोरच्याला लगेच दिशा मिळते. मी एकदा आठवडी बाजाराजवळच्या पडक्या जिनिंगमध्ये, रिकामी बारदानं आणि वजनकाटे वापरून मांडणशिल्प केलं होतं. आडतीवरचे हमाल येऊन बघत होते. एकानं विचारलं, "हे कुणी मांडलं, आणि असंच का मांडलं?" यापेक्षा नेमका प्रश्न मला कुठल्या दालनात कुणी विचारलेला नाही. मी तिथं 'प्रायोगिक कला' असा फलक लावला असता तर तो आत तरी आला असता का, शंका आहे.

बिनीबद्दल गोदाकाठची ताईंनी लिहिलं ते चित्रकलेत अगदी दिसतं. द्युशाँ या फ्रेंच कलावंतानं १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं पाठवलं, खोट्या नावानं सही करून. प्रदर्शन सगळ्यांना खुलं होतं, तरी ते मांडलं गेलं नाही, आणि मूळ वस्तू पुढं हरवलीही. तेव्हा ती बिनी नव्हती, एक नाकारलेली वस्तू होती. काही दशकांनी कलावंतांच्या पिढ्या त्या वाटेनं आल्या, तेव्हा ती बिनी ठरली.

एक विनंती उदगीरकरांना. बिनी आणि चंदावल यांच्या मधल्या फौजेला मोडी कागदांत काय म्हणतात? बहुतेक कलावंत आयुष्यभर तिथंच असतात. मीही तिथंच आहे, आणि तिथलं काम मला मनापासून आवडतं.

उदगीरकर

रंगरेषा ताई, मधल्या भागाला 'गोल'. सेनापती आणि निशाण गोलातच असायचं. पानिपतावर सदाशिवरावभाऊ गोलात होते. कागद सापडला की त्यातला उतारा इथं टाकतो.